जुन्या दफनभूमीची यादी करताना: कामाच्या नोंदी

छोट्या गावातली जुनी दफनभूमी, तिची रजिस्टरं आणि एक फाटका नकाशा. हे तिन्ही जुळवून अशी यादी करायची की कुणी आपल्या माणसाची कबर शोधत आलं तर त्याला रांग अमुक, जागा तमुक असं नेऊन दाखवता यावं. एवढंच काम. दुसरं कुणी असंच काम हातात घेणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय, जिथे अडलं तिथे जास्त लिहिलंय.

१२ नोव्हेंबर

आज फक्त विचारपूस. जमीन कुणाच्या नावावर, रजिस्टर कुणाच्या ताब्यात आणि प्रत्यक्ष खड्डा कोण खोदतं हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडे असतात, हे आधी डोक्यात ठेवा. परवानगी लेखी घ्या, तोंडी परवानगी देणारा माणूस बदलला की काम तिथेच थांबतं. सगळ्यात जास्त माहिती अर्थातच खोदणाऱ्या काकांकडे. त्यांना विचारलं, काका, रजिस्टर पूर्ण आहे ना? तर म्हणाले, "रजिस्टर पूर्ण आहे हो ताई, पण माणसं पूर्ण नाहीत त्यात. तान्ह्या बाळांची नुसती पावती फाडायचे." हे ऐकून पावत्यांची जुनी बुकंही मागून घेतली. ती रद्दीत जायच्या बेतात होती.

१५ नोव्हेंबर

मोबाइलवर प्रत्येक कबरीचं लोकेशन घ्यायचं ठरवलं होतं. एक अख्खी रांग घेतली आणि घरी नकाशावर टाकून बघितली तर निम्म्या कबरी कंपाउंडच्या बाहेर, आणि शेजारशेजारच्या दोन एकमेकींवर. मोबाइलच्या जीपीएसची अचूकता मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटर, झाडाखाली त्याहून वाईट. आणि कबर किती रुंद, जेमतेम सव्वा मीटर. म्हणजे त्या ५ मीटरच्या गोलात चार-पाच कबरी सहज येतात. दफनभूमी कुठे आहे हे सांगायला जीपीएस ठीक आहे, कबर कुठली हे त्याला कळत नाही. दिवस फुकट गेला.

१९ नोव्हेंबर

मग गवंडी करतात तसंच केलं. फाटकाच्या खांबापासून मागच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ सुतळी ताणली, ती आमची मूळ रेषा. प्रत्येक कबरीच्या डोक्याकडच्या मधल्या बिंदूची दोन मापं: सुतळीवर फाटकापासून किती अंतर आणि सुतळीपासून काटकोनात किती आत. काटकोन बरोबर आहे का ते ३-४-५ ने बघायचं, म्हणजे ३ मीटर, ४ मीटर आणि तिरकी बाजू बरोबर ५ मीटर. टेप धरायला एक, वाचायला एक, लिहायला एक, अशी तीन माणसं लागतात. दोघांत करून बघितलं, चुका फार होतात कारण वाचणाराच लिहितो आणि लिहिताना टेप सुटतो.

मूळ रेषेची दोन्ही टोकं पक्क्या गोष्टीवर घ्या. झाड चालत नाही, झाड उद्या तोडलं जाईल.

२३ नोव्हेंबर

कबरींवरच्या दगडांचे फोटो. भरदुपारी काढलेले सगळे बाद. सूर्य समोरून दगडावर पडला की झिजलेली अक्षरं सपाट दिसतात, काहीच वाचता येत नाही. उजेड बाजूने, अगदी तिरका, दगडाला घासून जाईल असा हवा, मग प्रत्येक खाचेत सावली बसते आणि कोरा वाटणारा दगड चक्क वाचता येतो. ज्या दगडांवर ऊन तिरकं येतच नाही त्यांच्यासाठी अंगभर दिसणारा लांब आरसा आणला, एक जण बाजूला उभा राहून ऊन दगडावर वळवतो आणि हळूहळू कोन बदलतो, दुसरा वाचतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला चिकटवून बाजूने धरला तरी तोच परिणाम मिळतो.

प्रत्येक दगडाचे कमीत कमी तीन फोटो: पूर्ण दगड, फक्त मजकूर आणि मागची बाजू. मागची बाजू लोक विसरतात. कधी कारागिराचं नाव असतं, कधी नंतर पुरलेल्या माणसाचं नाव मागे कोरलेलं असतं.

२६ नोव्हेंबर

स्वच्छतेबद्दल, कारण यात नुकसान झालं तर ते परत भरून येत नाही.

एक आजी आल्या होत्या, आपल्या वडिलांचा दगड काळा पडला म्हणून बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड घेऊन. त्यांचा हात धरून थांबवावं लागलं. संगमरवर म्हणजे चुनखडीच, अ‍ॅसिड पडलं की वरचा थर फसफसून विरघळतो, दगड पांढरा दिसतो खरा पण त्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात. लिंबू, व्हिनेगर, सगळं त्यातच आलं. ब्लीचही नको, त्यातले क्षार दगडाच्या आत जाऊन बसतात, सुकले की फुगतात आणि पुढे कित्येक वर्षं दगड आतून भुरभुरत राहतो. तारेचा ब्रश नको, प्रेशरचं पाणी नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा शेव्हिंग क्रीम चोळायची जुनी पद्धत आहे, तीही नको.

चालतं काय तर साधं पाणी, मऊ ब्रश आणि सबुरी. आधी दगड पूर्ण भिजवायचा, खालून वर घासत जायचं म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर उमटत नाहीत, आणि सतत पाणी ओतत राहायचं. दगडफूल खरवडायचं नाही, भिजवून ठेवलं की बरंचसं आपोआप सुटतं. आणि वालुकाश्माच्या दगडावर आधी बोटाने हलकेच टकटक करा, पोकळ आवाज आला तर तिथला पापुद्रा सुटलेला आहे, त्याला ब्रशसुद्धा लावायचा नाही. फोटो काढून पुढे.

आजींच्या वडिलांचा दगड त्यांच्याच हातून पाण्याने धुऊन घेतला. काळेपणा पूर्ण नाही गेला. नाव आणि साल मात्र स्वच्छ दिसायला लागलं, त्या खूश होत्या.

३० नोव्हेंबर

हे मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर. तिसऱ्या रांगेत एक संगमरवरी दगड, वर काहीच अक्षरं नाहीत, नुसती बारीक बारीक भोकं. सुरुवातीला वाटलं किडकं काहीतरी झालंय. पण भोकं ओळीत होती. अशा दगडांवर अक्षरं शिशाची असतात: आधी उथळ खाच कोरतात, खाचेत छोटी भोकं पाडतात, मग शिसं ठोकून बसवतात, शिसं भोकांत घुसतं आणि अक्षर पकड धरतं. वर्षानुवर्षांनी शिसं निघून पडतं (किंवा कुणी काढून नेतं), उथळ खाच झिजून जाते आणि खोल भोकं तेवढी उरतात.

आणि भोकांवरून वाचता येतं! इंग्रजी आय असेल तर भोकं एका उभ्या रेषेत, ओ ची गोलाकार, ई आणि एफ मधला फरक उजवीकडच्या खालच्या एका भोकाने ठरतो. आम्ही भोकांचा फोटो मोठा प्रिंट केला आणि पेन्सिलने ठिपके जोडत बसलो. आडनाव पूर्ण मिळालं, नावाचं पहिलं अक्षर आणि साल मिळालं, मधलं काही नाही मिळालं. तेवढ्यावर रजिस्टरात बघितलं तर त्या साली त्या आडनावाची एकच नोंद होती. ज्या दगडाला सगळे कोरा म्हणत होते त्याला पुन्हा नाव मिळालं.

४ डिसेंबर

रजिस्टरांचे फोटो. हात स्वच्छ धुऊन कोरडे करायचे, हातमोजे नकोत, मोज्याने कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही (सवय असते, एकमेकांवर लक्ष ठेवावं लागलं). वही पूर्ण सपाट उघडायची नाही, दोन्ही बाजूंना उशा लावून अर्धवटच, नाहीतर शिवण उसवते. फ्लॅश बंद. आसपास फक्त पेन्सिल, पेन टेबलावरसुद्धा नको. जुन्या शाईने काही ठिकाणी कागद खाल्लाय, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं छिद्र. तिथे पानामागे काळा कागद सरकवून फोटो काढला की छिद्राच्या आकारावरून वाचता येतं.

कोरी पानं आणि कव्हरसुद्धा घ्या. शेवटच्या पानांवर कुणीतरी फी, मजुरी, कुंपणाचा खर्च लिहिलेला असतो आणि त्यातूनच कळतं की दफनभूमी कधी वाढवली.

९ डिसेंबर

एक्सेलने रडवलं. १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाही, ती नुसता मजकूर म्हणून राहते. त्यामुळे तारखेनुसार लावल्यावर १८९८ ची माणसं यादीत १९५० च्या खाली जाऊन बसली. आणि दुसरं त्याहून वाईट: रजिस्टरात १९१८ हे साल नुसतं १८ असं लिहिलेलं, तसंच टाइप केलं तर एक्सेलने गुपचूप २०१८ केलं. दोन आकडी साल ०० ते २९ असेल तर ते २००० च्या पुढचं धरतं. चूक दिसतही नाही, कारण तारीख अगदी व्यवस्थित दिसते.

उपाय: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने, साधे आकडे. आणि रजिस्टरात जसं लिहिलंय तसं अक्षरशः उतरवायला चौथा रकाना. याने आणखी एक फायदा झाला, ज्या नोंदीत नुसता महिना वाचता येतो तिथे दिवस रिकामा ठेवता येतो, उगाच १ तारीख घालावी लागत नाही.

उतरवायचे नियमही आजच ठरवले. स्पेलिंग सुधारायचं नाही. अंदाजाने वाचलेलं चौकोनी कंसात. अजिबात न वाचता येणाऱ्याला प्रश्नचिन्ह. दगडावर जिथे ओळ संपते तिथे तिरपी रेघ. आणि ज्याने उतरवलं त्याने तपासायचं नाही, तपासणारा दुसरा.

१३ डिसेंबर

नकाशा आणि रजिस्टर जुळत नाहीत. पहिली रांग झकास जुळली, दुसरी पूर्ण चुकली, तिसरी परत जुळली. वाटलं दुसऱ्या रांगेतले दगड कुणीतरी हलवलेत. दगड हलवले जातातच, गवत कापायला सोपं पडावं म्हणून पडलेले दगड भिंतीला टेकवून ठेवतात, आणि एकदा टेकवला की त्याची जागा कायमची गेली. पण अख्खी रांग?

चौथी रांगही चुकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. नंबर देणारा माणूस शेतात नांगर फिरतो तसा फिरला होता: पहिल्या रांगेत डावीकडून उजवीकडे, तिथेच वळून दुसऱ्या रांगेत उजवीकडून डावीकडे. सम रांगा उलट्या मोजल्या आणि सगळं धडाधड जुळलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, तसंच तर आहे, परत कशाला चालत यायचं टोकापर्यंत? म्हणजे मोजमापाच्या आधीच नंबर कुठून कुठे जातात हे खोदणाऱ्याबरोबर चालत विचारून घ्या, आमचे बरेच दिवस यात गेले.

१७ डिसेंबर

एकाच जागेवर दोन नावं, काही ठिकाणी तीन. लिहिणाऱ्याची चूक समजून खोडू नका! जागेचा नंबर म्हणजे माणूस नव्हे.

याची दोन कारणं. एक, घरातली माणसं एकावर एक पुरतात. आमच्या रजिस्टरात खोलीचा रकाना आहे, त्याकडे आधी लक्षच दिलं नव्हतं. पहिल्या माणसाला मुद्दाम जास्त खोल पुरलेलं असेल तर वर दुसऱ्यासाठी जागा राखली आहे असं समजायचं. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या दफनभूमींसाठी १९७७ चा आदेश आहे, त्यात शवपेटीचा कुठलाही भाग जमिनीपासून ३ फुटांच्या आत येता कामा नये, माती योग्य असेल तर २ फूट चालतं, आणि दोन पेट्यांमध्ये किमान ६ इंच माती हवी. फ्रान्सच्या १८०४ च्या हुकुमात खड्डा दीड ते दोन मीटर खोल आणि प्रत्येक शव वेगळ्या खड्ड्यात, असं आहे. आकडे देशोदेशी वेगळे, पण खोली लिहून ठेवण्यामागे हिशोब असतो, आणि तो हिशोब यादीला फार कामाचा आहे.

दुसरं कारण, जागा पुन्हा वापरणं. खूप लोकांना वाटतं एकदा पुरलं की जागा कायमची. बऱ्याच ठिकाणी तसं नाही. जर्मनीत साधारण २० ते २५ वर्षांची मुदत असते, पुढे मुदत वाढवली नाही तर जागा दुसऱ्याला जाऊ शकते. सिंगापूरमध्ये १९९८ पासून १५ वर्षांची मर्यादा आहे, मग अवशेष काढतात. हाँगकाँगच्या सरकारी दफनभूमीत शवपेटीसाठी ६ वर्षं. इंग्लंडमध्येही स्थानिक संस्था जागेचा हक्क एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांसाठीच देऊ शकते, आणि तो पुरण्याचा हक्क आहे, जमिनीची मालकी नाही. लोक 'आमची जागा' म्हणून कागद घेऊन येतात, त्या कागदावर मुदत काय लिहिलीय ते आधी वाचा आणि शांतपणे समजावून सांगा, समोरच्याला ते ऐकणं जड जातं.

यादीत म्हणून दोन वेगळ्या शीट केल्या. एकीत जागा, एकीत माणसं. माणसाच्या ओळीत जागेचा नंबर. एका शीटमध्ये दोन्ही कोंबलं की दुसऱ्या माणसाला जागाच उरत नाही.

२१ डिसेंबर

तारखा जुळत नाहीत असं टीममधल्या एकाने लाल रंगाने भरून ठेवलं होतं. बहुतेक ठिकाणी भानगड काहीच नाही, दगडावर मृत्यूची तारीख आणि रजिस्टरात पुरल्याची. दोन वेगळे रकाने केले, लाल रंग गेला.

उरलेल्यांत कालगणनेचा घोळ. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे महिना माहीत नसेल तर एका हिजरी वर्षाची इंग्रजी दोन वर्षं होऊ शकतात, दोन्ही लिहायची. शके असेल तर ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. इंग्लंडचे फार जुने दगड किंवा नोंदी कुणी हाताळत असेल तर १७५२ लक्षात ठेवा: तोवर तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि त्या साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आली. म्हणून त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींवर १७३१/२ अशी जोडवर्षं दिसतात. ती तशीच उतरवायची.

आणि दगड नेहमी खरा असं मानू नका. दगड कधी कधी मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, हातात पैसे आल्यावर बसवतात, तेव्हा साल आठवणीतून सांगितलेलं असतं. रजिस्टर त्याच आठवड्यात लिहिलेलं असतं पण ते लिहिणारा नाव ऐकून लिहितो. म्हणून आमच्याकडे सालासाठी रजिस्टर वरचढ, नावाच्या स्पेलिंगसाठी दगड वरचढ, आणि दोन्ही जसंच्या तसं यादीत.

२७ डिसेंबर

पावत्यांची बुकं. हे काम सगळ्यात मन लावून केलं आणि सगळ्यात जड गेलं.

पावतीवर एवढंच: तारीख, बापाचं नाव, 'मूल', फी. नाव नाही, कारण ठेवलंच नव्हतं. काही पावत्यांवर 'मूल' च्या जागी 'जुळं'. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर (इन्फ्लुएन्झाची साथ) अक्षर बदलत जातं, आधी वळणदार, मग घाईचं, मग दुसऱ्याच कुणाचं. या बाळांना दगड नाही, नकाशावर जागा नाही. काकांनी मागच्या भिंतीकडचा पट्टा दाखवला, तिथे जमीन ओळीने किंचित खचलेली आहे, पहाटेच्या तिरक्या उन्हात नीट दिसते.

कुणीतरी सुचवलं की लोखंडी सळई खुपसून बघू. नको. परवानगीशिवाय तर नाहीच, आणि इतक्या उथळ ठिकाणी तर परवानगी मिळाली तरी नको. जमिनीत लहरी सोडणारं रडार भाड्याने मिळतं, पण त्याने हाडं दिसत नाहीत, माती कुठे हलवलीय एवढंच दिसतं. आम्ही फक्त खचलेल्या जागांची मापं घेतली आणि यादीत त्या पट्ट्याला एक नाव दिलं. प्रत्येक पावतीची वेगळी ओळ केली. नावाच्या रकान्यात 'नाव नोंदलेलं नाही, अमुक यांचं मूल'. आता यादीत दगड असलेल्यांपेक्षा दगड नसलेली माणसं जास्त आहेत. आम्ही नुसते दगड उतरवून थांबलो असतो तर ही सगळी बाहेर राहिली असती, आणि माझ्या मते दगडांची यादी म्हणजे दफनभूमीची यादी समजणं ही या कामातली सगळ्यात मोठी गफलत आहे.

३ जानेवारी

सैनिकांच्या कबरी. एकसारखे, वरून किंचित गोल असे दगड मध्येच दिसले तर ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचे असू शकतात. युद्धात गेलेल्या कॉमनवेल्थ देशांच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी ही संस्था १९१७ पासून आहे आणि त्यांची स्वतःची नोंद चोख असते, त्या दगडांना हात लावायचा नाही. नाव त्यांच्या यादीत शोधून आपल्या यादीत क्रमांक टाकला, अर्ध्या तासात झालं.

८ जानेवारी

लोक विचारायला लागलेत की यादीवरून मृत्यूचा दाखला मिळेल का. नाही. भारतात दाखला देतो निबंधक, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली. खबर २१ दिवसांत द्यायची, आणि एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याच कायद्यात दफनभूमी सांभाळणाऱ्यानेही निबंधकाला कळवायचं असं आहे, हे सांभाळणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. आमच्या यादीचा उपयोग एवढाच की कुठल्या वर्षाच्या वहीत शोधायचं ते कळतं. पण तारीख न सांगता गेलं तर 'सापडत नाही' म्हणून परत पाठवतात, त्यामुळे तेवढाही खूप आहे.

१४ जानेवारी

यादी देण्याआधी काय लपवायचं ते ठरवलं. मृत्यूचं कारण, पत्ता आणि खबर देणाऱ्याचं नाव अलीकडच्या नोंदींत दिसणार नाही, हे रकाने फक्त मूळ फाइलमध्ये. आत्महत्या किंवा आजाराचं नाव त्या घरातल्या माणसाला अशा यादीतून कळू नये.

प्रती तीन ठिकाणी: रजिस्टर ठेवणाऱ्यांकडे, वाचनालयात आणि एक छापील प्रत काकांच्या खोलीत, कारण शोधणारा माणूस पहिल्यांदा तिथेच येतो. काकांच्या प्रतीत अक्षर मोठं घेतलं आणि नकाशावर सम रांगांना उलटे बाण काढले. शिल्लक काम: मागच्या भिंतीला टेकवलेले सुटे दगड (फोटो झालेत, जागा लागायच्यात), रजिस्टरच्या पहिल्या खंडातली ओल लागलेली पानं, आणि पावत्यांचं एक बुक जे एका घरी असल्याचं कळलंय, त्यांनी रविवारी या म्हटलंय.